बॉनेटखालची चकाकी

२ फेब्रुवारी, रविवार
सासऱ्यांनी त्यांची जुनी गाडी मला दिली. त्यांची नजर दिवसेंदिवस जातेय, डॉक्टरांनीही हात टेकलेत. म्हणाले, पुरता अंधार व्हायच्या आत एकदा मला तिच्यातून फिरवून आण. तेवीस तारीख ठरली, त्यांचा वाढदिवस.

बॉनेट उघडून पाहिलं. इंजिन ठणठणीत. पण दोन्ही बाजूंचे चाकांवरचे आतले पत्रे, म्हणजे इनर फेंडर, गंजून लाल. सासऱ्यांनी शेवटचं हे बघायचं? छे! काढायचे, घासायचे, रंगवायचे. एका रविवारचं काम. बायको म्हणाली, चालू गाडीला कशाला हात लावताय? तिला सौंदर्यदृष्टी नाही.

३ फेब्रुवारी
ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. निम्मं काम झाल्यासारखं वाटतंय.

९ फेब्रुवारी, रविवार
सहाला उठणार होतो. साडेदहा. बॅटरी काढली. एक बारीक केबल आडवी येत होती, तीही सोडवली. कुठली ते नंतर बघू. पहिला बोल्ट निघाला. दुसऱ्याचं डोकं तुटलं. तिसऱ्याचंही. पूर्वीच्या लोकांना बोल्ट आवळायची अक्कल नव्हती. निघाले ते सगळे एका डब्यात टाकले. बायको म्हणे, कुठला कुठे ते लिहून ठेवा. मग डोकं कशाला दिलंय देवाने?

१२ फेब्रुवारी
घासतोय. पॉलिश पेपरने गंजाआधी बोटांची सालं निघतात. जिथे गंज होता तिथे आता भोक आहे. पण गंज गेला, हे कुणी बोलत नाही.

१५ फेब्रुवारी
काळा रंग मारून गच्चीत वाळत ठेवले. बायकोने तिथेच गादी झटकली. फेंडरांना कापसाची लव फुटली. पुन्हा घासणे. दुपारपासून तिच्याशी बोलणं बंद केलंय. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

१८ फेब्रुवारी
दुसरा हात. रंगाला ओघळ. ओघळांची बाजू खाली येईल असं लावू. बाबा रोज फोनवर गाडीचं विचारतात, असं बायको म्हणाली. म्हटलं, सांग, ऐंशी टक्के झालं. गाडी दारात आ वासून उभी आहे, ते सांगू नकोस. मग म्हणाली, गॅरेजवाल्याला बोलावू का? त्याला काय कळतंय! त्याला गाडी नुसती चालवायची असते.

२२ फेब्रुवारी, शनिवार
फत्ते! दोन्ही फेंडर बसले. पाच बोल्ट उरले. पूर्वी कंपन्या सढळ हाताने बोल्ट घालायच्या. ती बारीक केबलही लोंबकळतेय, बहुधा जास्तीची. असं चकचकीत काम मी आयुष्यात पाहिलं नाही. शेजारची मांजर रोखून बघत होती, शिवाय धूळ. म्हणून बॉनेट धाडकन लावून टाकलं. बॅटरी जागेवर ठेवलीय, वायर तेवढी सकाळी जोडायची. दोन मिनिटं.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ८
बॉनेट उघडेना.

८.३०
केबल कशाची ते कळलं. स्टिअरिंगखालची मूठ ओढली की जिच्यामुळे बॉनेट उघडतं, ती. मूठ ओढली तर सबंध माझ्या हातात आली. केबलचं दुसरं टोक बॉनेटखाली. बॅटरीही बॉनेटखाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी
सासरे सकाळी दहाला आले. इस्त्रीचा शर्ट, लेकीचा दंड धरलेला. कुणालाही काही सांगायची माझी हिंमत झाली नाही. चालू तरी मीच करणार म्हणत ते चाचपडत ड्रायव्हरच्या सीटवर बसले, चावी फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. मग मी सांगितलं. ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसून राहिले. म्हणाले, बरं, आत काय काय केलंस ते तरी सांग. सगळं सांगितलं. काळा रंग, दोन हात, आरशासारखा. कापसाचं नाही सांगितलं. ते बंद बॉनेटकडे बघत ऐकत होते. म्हणाले, छान दिसतंय रे.

मला रडू आलं. बायकोने पाहिलं आणि पानं वाढायला आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

जेवून ते टॅक्सीने गेले. जाताना खिडकीतून गाडीला हात केला. शेजाऱ्यांच्या गाडीला.

बायकोने परस्पर गॅरेजवाल्याला बोलावलं होतं. तो आडवा होऊन गाडीखाली गेला आणि बाहेर आला. म्हणतो, बॉनेट खालून हात घालून उघडता येईल. आधी इनर फेंडर काढावे लागतील.