पहिली काडी पाहुण्याची

मी, तेक्ला सावित्स्का, कै. मात्सेय सावित्स्की यांची विधवा, राहणार विल्नो शहर, नदीपलीकडची झाझेचे वस्ती. वय सत्तरीच्या पुढे; नेमकं किती ते माझ्या आईलाही सांगता आलं नाही. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाच्या धाकाने नव्हे की कोणाच्या लाडीगोडीला भुलून नव्हे, माझ्या मर्जीने आणि माझ्या हाताने हे मृत्युपत्र लिहिते. अक्षर वाकडं आहे, पण ते बाईंनी शिकवलेलं आहे, तेव्हा कोणी हसू नये.

घराचं शेवटी सांगेन. माझा मुलगा दोमिनिक याचा डोळा त्यावरच आहे. त्याला इथे दारूचा गुत्ता काढायचा आहे. त्याने तोवर जरा दम धरावा.

कलम पहिले. तांब्याची मोठी कढई आणि कोबी आंबवायचं पिंप सून हेलेनाला द्यावं. तिचा कोबी बेचव असतो, पण दोष पिंपाचा नव्हता हे तरी आता कळेल.

कलम दुसरे. बाईंची लोखंडी अंगठी माझ्या बोटात आहे. ती काढू नये, तशीच पुरावी. बाई म्हणजे अपोलोनिया रिमशेविच, या घरातल्या मुलींच्या शाळेच्या संस्थापक. रशियन झारविरुद्धचं बंड फसलं, त्यात बाईंचा भाऊ मारला गेला, लग्न ठरलेला माणूस सायबेरियात गेला, वडिलांची जमीन सरकारजमा झाली. बाई काळा पोशाख घालून, पुस्तकांची एक पेटी घेऊन शहरात आल्या आणि हे घर घेऊन त्यांनी शाळा काढली. मी स्वयंपाकाला लागले तेव्हा म्हणाल्या, "तेक्ला, पगार वेळेवर मिळेलच असं नाही." मी म्हटलं, "जेवणही वेळेवर मिळेलच असं नाही." तिथून आमचं जमलं.

शाळेला परवानगी होती शिवणकामाची, फ्रेंचची आणि रशियनची. पोलिश शिकवायला बंदी. बाई तीच शिकवायच्या. शाई आणि राय धान्याच्या पावाचा तो एकत्र वास अजून कधीकधी येतो मला. येतो आणि जातो.

कलम तिसरे. औषधवाल्याची बायको क्लोतिल्दा हिला मी एक हक्क देते: पुढच्या दाराने आत यावं आणि चारचौघांत माझी नात मार्सेला हिची माफी मागावी. बाकी तिला काही नाही. कारण खाली आहे.

कलम चौथे, घर. बाईंनी जाताना ते माझ्या नावावर केलं. नाताळच्या आदल्या रात्री आमच्यात टेबलावर गवत अंथरून वर पांढरी चादर घालतात, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट रिकामं ठेवतात. त्या वर्षी घरी न गेलेल्या मुली शाळेतच होत्या. तपासणी होणार अशी कुणकुण लागली होती, म्हणून बाईंनी सगळी पोलिश पुस्तकं गवताखाली पसरली. सगळ्यांनी वाटून खायची नाताळची पापडी मोडून झाली, मी बिटाचं सार वाढायला घेतलं, तोच दार वाजलं. शाळा तपासणारा रशियन साहेब.

मी कुजबुजले, "बाई, दार उघडू नका."

"ताट मांडलंय तेक्ला. कोणीतरी आलंय. वाढ."

साहेब बसला. त्याचं ताट नेमकं जाडजूड पुस्तकावर आलं आणि डुगडुगायला लागलं. "तुमचं टेबल हलतंय, बाई," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "यंदा गवत चांगलं मिळालं नाही." माणसाने अळंब्यांच्या करंज्या तीनदा मागून घेतल्या. मला वाटलं, सुटलो.

जेवण झाल्यावर चादरीखालून गवताची काडी ओढायची. लांब निघाली तर आयुष्य लांब. माझी मार्सेला, लाडाने मार्सेल्का, तेव्हा सात वर्षांची. धिटाईने त्याच्यासमोर उभी राहिली. "काका, पहिली काडी पाहुण्याची. ओढा ना!"

त्याने चादरीखाली हात घातला. हात आत गेला तो तिथेच थांबला. मग तुटकी काडी निघाली. ती खिशात ठेवून तो म्हणाला, "आखूडच आली," आणि टोपी घेऊन गेला. लोक आता सांगतात की तो मनाने चांगला होता. काही चांगला नव्हता. जानेवारीतला तीन राजांचा सण झाल्यावर त्याने शाळेला सील ठोकलं. सण होईपर्यंत थांबला, एवढंच.

स्वयंपाकघराला मात्र सील लागत नाही, माणसं जेवतातच. बाईंनी तिथे पाव भाजण्याचा वर्ग उघडला. मुली पोळपाटावरच्या पिठात बोटाने अक्षरं काढायच्या. कोणी आल्याची घंटा वाजली की हात फिरवून कणीक मळायला घ्यायच्या. मीही तिथेच शिकले. नंतरची सगळी वर्षं शाळा तशीच चालली.

पण क्लोतिल्दाने गावभर केलं की स्वयंपाकिणीच्या नातीने शाळा बुडवली. पोरीने ते मनाला लावून घेतलं. मोठी झाली, शिकली, आणि लांबच्या जमीनदाराकडे मुलं शिकवायला निघून गेली. नाताळला एकदाही आली नाही. मी लिहिलं की उत्तर येतं, "आजी, त्या टेबलापाशी मला बसवणार नाही."

बाई गेल्या त्या सकाळी मला म्हणाल्या, "मार्सेल्काला सांग, पाहुण्याचा मान आधी, हे मीच शिकवलं होतं. पोरगी धडा विसरली नाही, तेक्ला. मला अजून काय हवं होतं?" हे मी तिला कळवलं. तिला ते पटलं नाही. कागदावरचं पटत नसतं.

म्हणून ठरवते: माझ्या पश्चात येणाऱ्या पहिल्या नाताळच्या आदल्या रात्री मार्सेला या घरी येऊन टेबलाशी बसली, तर घर, बाकं, घंटा, पुस्तकं सगळं तिचं, आणि शाळा तिने चालवायची. नाही आली तर दोमिनिकने खुशाल गुत्ता काढावा. मी थडग्यातून आरडाओरडा करणार नाही.

टेबल दोमिनिकने मांडावं, कुरकुर न करता. गवत, पांढरी चादर. मार्सेलाला रिकाम्या ताटावर बसवावं आणि त्या ताटाखाली बाईंचं सगळ्यात जाड पुस्तक ठेवावं, म्हणजे ताट डुगडुगेल. त्याआधीच, मी जिवंत असताना ती आली, तर हे सगळं मीच करीन आणि सारही मीच वाढीन.

जेवण झाल्यावर पहिली काडी तिने ओढायची. हात पुस्तकाला लागला तर घाबरू नये. ते तिचंच आहे.

हे वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे. सही बाईंनी शिकवली तशी, पूर्ण नावाची.

तेक्ला सावित्स्का

साक्षीदार: अन्तोनी ग्रिगास, चर्चमधला ऑर्गन वाजवणारा.
साक्षीदार: लेझेर, पुस्तकं बांधणारा, गवताखालची पुस्तकं यानेच बांधली होती.

मुक्काम विल्नो, मृतात्म्यांचा दिवस, नोव्हेंबर १८९३