लाल वानराची शपथ आणि रुक्माबाईची चूल

शुक्रवार, ११ सप्टेंबर २००९
मुक्काम शाळा (दवनीवाड्याहून चार किलोमीटर आत, रस्ता कागदावर पक्का आहे)

तीर्थस्वरूप केशोराव मामाजींच्या पायाशी भाचा ओमेश्वरचा दंडवत. इकडे आम्ही सारे ठीक आहोत, असे पत्रात लिहितात म्हणून लिहितो. मुर्रीला आपण व मामीजी सुखरूप असाल. आपला गुडघा आता काय म्हणतो? जवसाचे तेल कोमट करून चोळून पाहावे. (तेलाचा विषय खरे तर मला नको झाला आहे, पण काय करता, सगळे पत्रच तेलावर आहे.) सौ. दुर्गेश्वरी आपल्याला नमस्कार सांगते. ती पंधरा दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही, तेव्हा हा नमस्कार मी अंदाजाने सांगितला आहे.

आपण पंचायत समितीत तीस वर्षे बाबूगिरी केलीत, तेव्हा प्रशिक्षण म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. जुलैत मला गोंदियाला तीन दिवस पर्यावरणाच्या प्रशिक्षणाला बोलावले. (मुख्याध्यापक निवृत्त झाल्यापासून प्रभारी मीच आणि गुरुजीही मीच, दुसरे गुरुजी आहेत, पण ते मतदार यादीचे काम करतात.) विषय होता पर्जन्यवनांचे रक्षण आणि जबाबदार ग्राहक. ही पर्जन्यवने समुद्रापार आहेत. आपल्या पाठीशी नागझिऱ्याचे एवढे जंगल उभे आहे, त्यावर तीन दिवसांत एक शब्द निघाला नाही. बहुधा तिथे एस.टी. जाते म्हणून. नागपूरहून आलेल्या बाईंनी पडद्यावर दाखवले, की तिकडे मैलोन्‌मैल जंगल जाळून पामची झाडे लावतात, आणि त्याचे तेल आपण बिस्किटात, भज्यात, साबणात खातो (साबण खात नाही, पण बाई घाईत होत्या). त्या जंगलात लाल केसांचे एक मोठे वानर राहते, त्याचे घर जाते. शेवटच्या चित्रात ते वानर जळक्या खोडाला मिठी मारून बसले होते. मामाजी, खोटे कशाला सांगू, ते चित्र मी बाईंकडून मागून घेतले. मग चहा-समोसे झाले. समोसे कशात तळले होते हे आम्हा साठ गुरुजींपैकी एकानेही विचारले नाही. मी दोन खाल्ले.

वानराचे चित्र मी सातवीच्या भिंतीवर लावले आणि धडा अगदी मनापासून शिकवला. इतकी वर्षे मी मनाविरुद्ध शिकवत आलो, त्यात गावाचे काही बिघडले नव्हते. पोरांना सांगितले, की दुकानातली वस्तू घेण्याआधी वेष्टन वाचा. त्यावर नुसते 'खाद्य वनस्पती तेल' असे मोघम लिहिले असेल तर समजा, वानराचे घर गेले. आठ दिवसांत किराणावाला चैतराम शाळेत आला. "गुरुजी, पोट्टे बिस्कुट घेत नाई, नुसते वाचून रायले," म्हणाला. मला तर हुरूपच आला. मी सगळ्या शाळेला रांगेत उभे करून, हात पुढे करायला लावून शपथ दिली: ज्याने जंगल तुटते ते मी खाणार नाही. रोजची प्रतिज्ञा पोरे जशी म्हणतात आणि विसरतात तशीच हीही विसरतील, असे मी धरून चाललो होतो. (रोजच्या प्रतिज्ञेत आपण सारे बांधव आहोत असेही येते. तिने आजवर गावात कोणाला त्रास दिलेला नाही.)

आता रुक्माबाई. शाळेत खिचडी शिजवणारी, बौद्ध मोहल्ल्यातली. नवरा वारला, एक मुलगी रीना, ती आमच्याच सातवीत. सहा वर्षांपूर्वी तिला चुलीच्या कामावर ठेवले तेव्हा काही घरांनी आपल्या पोरांना घरून डबे द्यायला सुरुवात केली होती. पुढे डबे बंद पडले, कारण खिचडी चांगली होती आणि पोरांना भूक असते. पण डबे कशासाठी होते हे कोणी विसरले नव्हते, नुसते बोलत नव्हते. रीना ही वर्गात सगळ्यांत हुशार, आणि त्याहून कठीण म्हणजे खरी. शपथेच्या दुसऱ्याच दिवशी ती वर्गात उभी राहिली. "गुरुजी, मायच्या खिचडीच्या तेलाचा डबा मी वाचला. त्याच्यावर पामतेलच लिवलं आहे. मंग आमी का करावं?" मी म्हटले, विचार करू. (हे वाक्य मी आपल्याकडूनच शिकलो आहे.) पोरांनी माझ्या आधीच विचार करून टाकला.

पोळ्याच्या दोन दिवस आधी चौसष्ट पोरे पंगतीला बसली आणि खिचडी न घेता सगळ्यांनी ताटे पालथी घातली. पहिले ताट रीनाने पालथे घातले, आपल्या आईसमोर. रुक्माबाई पळी हातात धरून उभी राहिली. मी व्हरांड्यातून बघत होतो, आणि लाज सोडून लिहितो, मला त्या घटकेला अभिमान वाटला. नेमके तेव्हाच ग्राम शिक्षण समितीचे अध्यक्ष मनोहरलालजी फाटकातून आत आले (आपल्याच समाजातले, माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ). त्यांनी पालथी ताटे पाहिली, मग रुक्माबाईकडे पाहिले, आणि कोणालाच काही विचारले नाही. दोन-चार पोरे "तेल, तेल" म्हणाली सुद्धा. पण ज्याच्याजवळ उत्तर आधीपासून असते त्याला ऐकू येत नाही. "पोरायलेच चालत नाई तं आमी का करावं, गुरुजी?" एवढेच ते म्हणाले, आणि तोंडावर दुःख आणले. सहा वर्षांपासून ते दुःख त्यांनी जपून ठेवलेले असावे.

मी तिथल्या तिथे बोलायला हवे होते. बोललो नाही, कारण सरकारी आहाराविरुद्ध पोरांना उठवणारा गुरुजी घरी बसतो, हे मला ठाऊक आहे. आहाराच्या वहीत 'आज आहार घेतला नाही' याच्यापुढे 'कारण' असा एक रकाना असतो. तिथे 'गुरुजींनी शिकवले म्हणून' असे लिहायची छाती झाली नाही, आणि रुक्माबाईचे नाव लिहिणे पाप होते. मी रकाना कोरा सोडला. वाटले, कोरी जागा कोणाचे काय वाईट करणार. पण मामाजी, आपल्या गावात कोरी जागा सगळ्यांनाच वाचता येते, अंगठेबहाद्दरांनासुद्धा.

पोळा झाला, समितीची सभा झाली, वही पुढे ठेवली गेली आणि विद्यार्थ्यांची गैरसोय टाळण्यासाठी स्वयंपाकीण बदलावी असा ठराव झाला. सचिव म्हणून खाली सही माझी. नवी स्वयंपाकीण रविताबाई, मनोहरलालजींची सून. आता माझी पुढची करामत ऐका. पोरे पुन्हा उपाशी राहिली तर वरून चौकशी येईल या भीतीने मी सोमवारी प्रार्थनेनंतर जाहीर केले, की शपथ फक्त दुकानातल्या वस्तूंपुरती आहे, शाळेच्या जेवणाला लागू नाही. रविताबाईंनी त्याच डब्यातले तेच तेल ओतले, तिखट दुप्पट टाकले, आणि त्रेसष्ट पोरे मुकाट जेवली. आवारभिंतीपलीकडून दहा माणसे बघत होती. हात बदलला आणि पोरे जेवली, एवढाच अर्थ त्यांनी घरी नेला. ज्या खोट्याला पुरावा नव्हता त्याला मी माझ्या तोंडाने पुरावा करून दिला. रुक्माबाईच्या हाताला मी डाग लावला, मामाजी, आणि तेही वानर वाचवता वाचवता. चौसष्टावी रीना. ती दुपारी वर्गात एकटी बसून घरचा भात-चटणी खाते. गाव म्हणते, आईसाठी फुगली आहे. तिने फक्त शपथ पाळली आहे. माझा धडा साऱ्या शाळेत तिला एकटीलाच समजला आणि त्याची शिक्षा तिच्या आईला झाली.

रुक्माबाई घरी आली होती. मला वाटले शिव्या देईल; दिल्या असत्या तर बरे वाटले असते. "तेलाचं तुमाले मालूम होतं ना गुरुजी? मंग काऊन नाई बोलले?" असे तिने दारातूनच विचारले. मी म्हटले, बसा, चहा घ्या. ती बसली नाही. दुर्गेश्वरीने हे आतून ऐकले, आणि तिच्या मौनाचे कारण तेच आहे. रुक्माबाई आता दुसऱ्यांच्या धानात निंदणाला जाते, आणि तिथेही बाया पाणी पिताना तिच्यासमोर शाळेचा विषय काढतात. तिने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार दिली आहे. मंगळवारी साहेब चौकशीला येणार. मी काय बोलायचे ते मनोहरलालजींनी सांगून ठेवले आहे: पोरे जेवली नाहीत, एवढेच सांगा, ते काही खोटे नाही. अडचण अशी, की ते खरोखरच खोटे नाही.

म्हणून मी एक निवेदन लिहिले आहे. धडा, शपथ, तेलाचा डबा, कोरा रकाना, सोमवारची माझी पलटी, सगळे एका पानावर, सहीसकट. ते या पत्रासोबत जोडतो. साहेब आपल्याला मानतात. सोमवारी गोंदियाला जाऊन आपण ते त्यांच्या हाती द्यावे. मंगळवारी मनोहरलालजी शेजारी खुर्ची टाकून बसले असताना माझ्या हातून ते दिले जाणार नाही, हे मी स्वतःला ओळखून लिहितो. रुक्माबाईला तिची चूल परत मिळावी, एवढीच माझी इच्छा आहे. मामीजींना नमस्कार.

आपला (आणि दुर्दैवाने सगळ्यांचाच) आज्ञाधारक,
ओमेश्वर

ता. क. निवेदनाखाली माझा बदलीचा अर्ज आहे, तोही द्यावा. गोंदिया शहर चालेल, मुर्री तर फारच उत्तम. फक्त क्रम सांभाळावा: आधी अर्ज, त्यावर सही, आणि मग निवेदन. निवेदन आधी गेले तर बदली नक्की होईल, पण कुठे होईल याचा भरवसा नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवले होते, पुन्हा उघडले. आत्ताच कळले, की पोरांनी पामतेल सोडल्याचे त्या नागपूरच्या बाईंच्या कानी गेले असून जिल्ह्यात आमची शाळा 'वनमित्र शाळा' ठरली आहे. पुढच्या पंधरवड्यात शाल आणि श्रीफळ. अशा वेळी निवेदन पुढे येणे शाळेच्या दृष्टीने बरे दिसणार नाही. (शाळेच्या असे लिहिले आहे, ते तसेच वाचावे.) तेव्हा निवेदन तूर्त माझ्याजवळ ठेवले आहे. आपण अर्जाचे तेवढे बघावे.

ता. क. तिसरा. आज शनिवार. रीना शाळा सुटल्यावर दवनीवाड्याला मावशीकडे जाते, तिच्याच हाती हे पाकीट पोस्टात पाठवतो. दुसऱ्या कोणावर विश्वास नाही. वाटेत उघडून बघेल अशी ती मुलगी नाही. "मायच्या कामाचं लिवलं ना गुरुजी?" असे तिने विचारले. मी हो म्हटले. तिने पाकीट भिजू नये म्हणून पर्यावरणाच्या वहीत घातले, वही ओढणीखाली धरली आणि निघाली.