लार्कच्या शेवटच्या वेताबाबत

गोट्यांच्या किनाऱ्यावर काठी पडल्याचा कोरडा टक्क आवाज, आणि पाठोपाठ कुत्र्याच्या पंजांची खरखर. बाकी काही नाही. वडील लपणात बसून काठी फेकत, कुत्रा ती आणून देई, वडील पुन्हा फेकत. आणि लांब पाण्यावरची बदकं, हा काय खेळ चाललाय म्हणून, पोहत बंदुकीच्या टप्प्यात येत. कुत्रा तोंडातून चकार शब्द काढत नसे. तो आवाज आजही माझ्या कानात जसाच्या तसा आहे. स्मृती शाबूत असल्याचा याहून वेगळा पुरावा माझ्याकडे नाही.

मी, वेंडेल अँब्रोज क्रॉस्बी, राहणार स्लोकम कोव्ह, यार्मथ परगणा, नोव्हा स्कोशिया, धंदा पूर्वी होड्या बांधणे व नंतर बदकांच्या शिकारीची तांबडी रिट्रीव्हर कुत्री पैदा करणे, माझ्यामागे काय कोणाचं हे कोणी न सांगता, स्वतःच्या समजुतीने लिहून ठेवतो. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते पत्नी एडना हयात असताना केलेलं होतं व त्यात सगळं तिलाच होतं.

कलम १. घर, जमीन व बँकेत असेल ते मुलगी मार्लीन हिला. व्यवस्था पाहणारीही तीच. ती टोरंटोला असते आणि दर रविवारी फोनवर म्हणते, "बाबा, कुत्री देऊन टाका आणि इकडे या." घर तिने खुशाल विकावं. फक्त जाहिरातीत 'समुद्र दिसतो' असं लिहू नये. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो.

कलम २. रंधे, करवती, पटाशा गावच्या बोटशेडला. लागेल त्याने न्यावं व जागेवर परत ठेवावं. ठेवणार नाहीत, हे माहीत आहे.

कलम ३. शाळेतलं कवितांचं पुस्तक माझ्याबरोबर पुरावं. पर्डी बाईंनी त्यातलं सगळं पाठ करून घेतलं होतं, आणि लपणात बसलं की ते आपोआप ओठांवर येतं. एडनाचा धाकटा भाऊ लॉर्न निकरसन शेजारी बसून म्हणे, "दाजी, कुत्र्याचं ओरडणं बदकं एक वेळ सहन करतील. तुमच्या कवितेनं मात्र ती थेट फ्लोरिडाला जातील."

कलम ४. कुत्र्यांविषयी. होड्यांचं काम सुटलं तेव्हा मी ठरवलं, वडिलांच्या कुत्र्यासारखा एक तरी कुत्रा आपल्या हातून व्हावा. घरामागे पिंजरे बांधले, वर्षाला एखादं वेत घेऊ लागलो. प्रत्येक वेतातलं सगळ्यात उतावळं पिल्लू स्वतःकडे ठेवलं. खेळकर कुत्रा हवा तर अंगात वारं हवं, असा माझा हिशेब. ते वारं पिढीगणिक गळ्यातून बाहेर पडू लागलं. आता माझ्या घरच्या कुत्र्यांपुढे नुसती काठी धरली तरी अशी किंकाळी फोडतात की हेझल शेजारून विचारते, "कोणाचं बोट दारात सापडलं का?" बदकं तिथूनच माघारी. पिल्लं विकली जातात, रंगाला सुरेख म्हणून. कोणाच्या तरी गालिच्यावर लोळतात. त्यासाठी मी हे केलं नव्हतं.

लॉर्न पहिल्याच वेताला म्हणाला होता, "दाजी, तो कोपऱ्यात झोपलाय ना, तो ठेवा. उठायचं तेव्हा उठेल."

"झोपाळू कुत्र्याकडे बघायला कुठलं बदक येईल रे?"

कोपऱ्यातलं ते पिल्लू मग त्यानेच उचलून नेलं. खाडीपलीकडे त्याचा डल्स नावाचा कुत्रा आहे, डल्स शेवाळासारखा काळपट तांबडा, तो त्याच वंशातला. तासन्‌तास काठी आणतो, हूं नाही की चूं नाही. माझंच रक्त, पण माझ्या दारात नाही. डल्सशी माझ्या लार्क कुत्रीची जोड लावू दे, म्हणून मी दर वेळी विचारलं. उत्तर ठरलेलं: "नको दाजी. पिल्लं किंचाळली की लोक म्हणायचे, ही लॉर्नच्या कुत्र्याची." एडनाला पोचवून आल्यावर जेवताना मी पुन्हा विषय काढला. तो ताट खाली ठेवून म्हणाला, "आज तरी राहू द्या हो." त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून बोलणं बंद आहे.

लार्क आता म्हातारपणाला टेकली. या आठवड्यात ती माजावर आहे, आणि पशुवैद्य म्हणतो, या खेपेनंतर हिचं वेत घेऊ नका. म्हणजे हा आठवडा सरला की माझ्या कुत्र्यांचा वंश संपला, आणि वडिलांच्या कुत्र्यासारखा कुत्रा काही माझ्या हातून झाला नाही. लार्क मार्लीनला देतो. शहरात तिच्या किंचाळण्याने कोणी दचकणार नाही.

कलम ५. लॉर्न निकरसन याला काही नाही. अंत्यविधीला आल्यास मागच्या बाकावर बसवावं. आमच्या लग्नात त्याने दिलेली खुर्ची त्याला परत करावी. ती डुगडुगते. दुरुस्त न करता करावी.

कलम ६. साक्षीदाराला काही देता येत नाही असं कळतं, म्हणून हेझलला काही देत नाही. ती रॅपी पाय हा भट्टीत भाजलेला बटाट्याचा पदार्थ आणते, तो मी जिवंत असेतो चालू ठेवावा.

वरील मजकूर दोघा साक्षीदारांना वाचून दाखवला. क्लाइड म्हणाला, "खुर्चीचं जरा जास्त होतंय, वेंडेल." तरी ठेवला आहे.

सही: वेंडेल अँ. क्रॉस्बी
साक्षीदार: १) हेझल म्यूझ, शेजारीण २) क्लाइड हॅटफील्ड, निवृत्त दीपगृहरक्षक
स्लोकम कोव्ह, दि. २१ ऑक्टोबर १९८८

पुरवणी, शाई वाळण्याआधी. पुढे कोणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून हेही नोंदवतो. क्लाइड पेनाला टोपण लावत असताना मागच्या दाराशी खरवडल्याचा आवाज झाला. दार उघडलं तर डल्स. पोटापर्यंत निथळत होता, कानाला शेवाळ, आणि तोंडातून आवाज नाही. कोणी बोलावलं नव्हतं; खाडी पोहून आपणहून आला, असं मी लिहिणार होतो.

हेझल म्हणाली, "आपणहून कसा येईल? लॉर्नच्या पिंजऱ्याला बाहेरून खिट्टी आहे. ती माझ्या छातीइतक्या उंचीवर."

आम्ही तिघांनी खाडीपलीकडे पाहिलं. लॉर्नच्या धक्क्यावर कोणीतरी उभं होतं. आम्ही पाहतोय म्हटल्यावर पाठ फिरवून दोर गुंडाळू लागलं.

कलम ५ तूर्त वाचू नये. लार्क माझ्या पायाशी येऊन उभी आहे, आणि अजून किंचाळलेली नाही.