राखेच्या पुड्या

बाभुळगाव
६ नोव्हेंबर २००६

ती. मारोतीदादास,
लहान बहीण सत्यभामेचा जयभीम. वहिनीलेही सांग.

रागात लिहून राह्यली, म्हणून आधी पाणी पी, मग वाच. चौथी शिकल्या बाईचं अक्षर आहे, लावून घे.

परवा बाजारात एका म्हाताऱ्यानं मले थांबवलं आन् विचारलं, बाई, छातीतली गाठ विरघळली काय? मी म्हटलं, तू कोण? तर म्हणे मी भगत, तुमचा भाऊ माझ्याचकडून अंगारा नेते, तुमच्या नावानं कोंबडंही दिलं त्यानं. मी तिथंच वांग्याच्या ढिगापाशी बसली.

तू सांगितलं होतं, पुड्या नागपूरच्या मोठ्या डॉक्टरच्या आहेत, सरकारी दवाखान्यात परत जायचं काम नाही. तीन महिने मी उपाशीपोटी मधात कालवून राख खाल्ली, दादा. गाठ वाढतच गेली.

बाबानं छप्पन साली घरातले देव नदीत सोडले. मायले एवढा ताप, पण मनगटाले दोरा बांधू दिला नाही तिनं. आन् तू विहारात दर पुनवेले वंदना सांगते! मले न विचारता माझ्या पोटात हे घातलं. काहून? खरं लिही.

रागावली तरी तुझीच,
सत्यभामा

बोरी अरब
११ नोव्हेंबर २००६

चि. सत्यभामेस,
मारोतीचा जयभीम. आशीर्वाद लिहायले हात धजत नाही.

खरं लिहितो. जुलैत डॉक्टरनं मले एकट्याले बाहेर बोलावून सांगितलं, कॅन्सर आहे, लगेच कापावं लागेल. भामे, आपली माय ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही. तुले तिथं झोपवायची माझी हिंमत झाली नाही. भगताकडे गेलो तेव्हा तोंडावर दुपट्टा घेतला होता, विहारातलं कोणी पाहीन म्हणून. अंगाऱ्यावर माझा विश्वास नव्हता. पण काहीच न करता बसवत नव्हतं. खरं सांगितलं असतं तर तू पुड्या माझ्याच तोंडावर फेकल्या असत्या.

आता इकडे ये. दवाखान्याचं मी पाहतो. तुझे मालक वारल्यापासून तू एकटी, कागदपत्रातलं तुले समजत नाही. आन् विहारात सांगू नको, एवढी माया ठेव.

तुझा,
मारोती

यवतमाळ, सरकारी दवाखाना
१९ नोव्हेंबर २००६

ती. दादास जयभीम.

गुरुवारपासून इथंच आहो. जवळ माझी पोरगी आहे, उर्वशी कापूस वेचणं टाकून आली. डॉक्टरले म्हटलं, जे आहे ते माझ्या तोंडावर सांग. त्यानं सांगितलं. रोग काखेत गेला. तीन महिने आधी आली असती तर गोष्ट वेगळी होती म्हणे. मी लय रडली, मग उर्वशीले चहा आणायले पाठवलं.

नर्स म्हणे सहीले भाऊ नाहीतर नवरा आणा. मी म्हटलं, गाठ माझी, सहीही माझी. कागद दोनदा वाचून घेतला. सत्यभामा लिहाले एवढा वेळ लागला की नर्स चिडली. चिडू दे.

विहारात मी सांगणार नाही. तूच उभा राहून सांग. तोवर वंदना सांगू नको, दुसरा कोणी सांगीन.

आता एक माझंही ऐक. काल बाजूच्या खाटेवरच्या सोनीबाईनं देवीचं कुंकू पुढं केलं, आन् माझं कपाळ आपोआप पुढं झालं, दादा. खरंच झालं. मग मी तिचा हात धरून खाली केला, कुंकू लावलं नाही. लय वेळ हात सोडला नाही तिचा. तेव्हा समजलं तू भगताच्या दारात कसा उभा राह्यला असशील. माफ केलं असं नाही. समजलं.

बुधवारी ऑपरेशन आहे. यायचं तर ये, पण काही होत नाही, असं म्हणू नको. नुसता बस.

मी उठली नाही तर उर्वशी तुझ्याकडेच येईन, तिले दुसरं कोण आहे? पंधराची आहे. बाहेर येऊन डॉक्टर जे सांगीन ते तिले तसंच सांगजो. रडली तर रडू देजो. पण खोटं सांगू नको.

लोभ तिच्यावर असू दे,
सत्यभामा