नणंदेचा पॅनकेक

शनिवार, ८ मार्च

पेपरात फोटो छापून आला! नणंद हसतेय, हातात बिडाचं भांडं, भांड्यात माझा ओव्हनमध्ये फुगवलेला पॅनकेक – कडा वर उसळलेल्या, मधे खळगा, वरून पिठीसाखर. खाली छापलंय – ‘ही माझी स्वतःची कृती. वीस वेळा फसली, मग जमली.’

वीस वेळा कोणाची फसली? माझी! तिच्या गेस्टहाऊसमध्ये दोन वर्षं रोज पाचला उठून अंडी कोणी फेटली? ती पुढे पाहुण्यांशी गोड गोड बोलायची, ओव्हनजवळ फिरकायचीसुद्धा नाही. आणि मागच्या महिन्यात – ‘वहिनी, दमतेस गं तू. आता घरी आराम कर.’ आराम!

नवऱ्याला पेपर दाखवला. ‘सोड ना. घरातलीच गोष्ट आहे. लहान आहे ती.’ चाळिशी उलटली बहिणीची, अजून लहान!

रविवार, ९ मार्च

सोडणार नाही.

गुरुवार, १३ मार्च

संध्याकाळी तिचा फोन. आवाज पार उतरलेला. नवा स्वयंपाकी ठेवलाय, पण त्याचा पॅनकेक फुगतच नाही. ‘वहिनी, उद्या नाश्त्याला मासिकाच्या बाई येतायत. खास पॅनकेकसाठी! नेमकं काय करायचीस गं तू?’

खरं उत्तर मला झोपेतही देता येईल. रिकामं भांडं ओव्हनमध्ये कडकडीत तापवायचं. लोणी चुरचुरलं की पातळ पीठ ओतायचं, पटकन दार लावायचं आणि वीस मिनिटं त्याला हात लावायचा नाही. बस्स.

मी म्हटलं, ‘भांडं थंडच घे. पीठ चांगलं घट्ट ठेव. आणि मधूनमधून दार उघडून बघत राहा, नाहीतर करपेल.’

‘तू आहेस म्हणून बरं गं,’ म्हणाली.

आहेच मी!

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी साडेआठला माझ्यापुरता एक केला. ओव्हनच्या काचेला नाक लावून बसले. आधी कडा हलल्या, मग सगळाच टम्म वर आला, सोनेरी. तिकडे तिचा पायपुसण्यासारखा पडला असेल, बाईंच्या पुढ्यात! लिंबू पिळून अख्खा एकटीने खाल्ला. नवऱ्याला तुकडाही ठेवला नाही.

तो कामावरून आला तो तोंड पाडून. ‘फसलं तिचं. सगळ्यांसमोर. फोनवर रडत होती.’ मी ‘अरेरे’ म्हटलं. हसू दाबून दाबून गाल दुखले.

शनिवार, १५ मार्च

अकराला बेल वाजली. दारात अनोळखी बाई, खांद्याला पिशवी. ‘मी मासिकातून आलेय. तुमच्या नणंदेनेच पत्ता दिला. काल सगळ्यांसमोर म्हणाल्या – कृती माझी नाही, मी खोटं बोलले. ती वहिनीची. खायचा तर तिच्या हातचा खा.’

मी केला. कधी नव्हे इतका फुगला. बाईंनी दोनदा घेतला. माझ्या मात्र तोंडात घास नुसता फिरत राहिला.

मग त्यांनी वही काढली. ‘आणि त्यांचं नेमकं काय चुकलं हो?’

‘काही नाही. मी चुकीचं सांगितलं,’ तोंडातून निघून गेलं. ‘मुद्दाम.’

त्यांनी ते लिहून घेतलं.