ट्रायल रूम क्रमांक तीनच्या आरशावरील खाकी कागदाबाबत

प्रति,
मा. उपनियंत्रक,
वजने व मापे विभाग,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : तयार कपड्यांच्या दुकानातील ट्रायल रूम क्रमांक तीनच्या आरशाचे सील येत्या ३० तारखेपूर्वी काढून मिळणेबाबत, ते न जमल्यास अर्जदारास तपासून प्रमाणित करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या निरीक्षकांनी आरशावर चिकटवलेली सूचना, दिनांक २. २) एका ग्राहक बाईंची लेखी तक्रार (प्रत दुकानाला मिळाली आहे).

महोदय,

१. आमच्या दुकानात तीन ट्रायल रूम, तीन आरसे, अकरा खुंट्या (प्रत्येक खोलीत चार, खोली दोनमधली एक निखळलेली), सात स्पीकर आणि मी धरून तीन मदतनीस आहेत. दुकान तेरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींच्या कपड्यांचे आहे. खोली तीनच्या आरशावर सध्या एक खाकी कागद, पाच सील व निरीक्षक साहेबांच्या दोन सह्या आहेत. माझा अर्ज त्या कागदाविषयी आहे.

२. मी भौतिकशास्त्राची पदवीधर असून गेले पाच महिने येथे काम करते. ग्राहकाला खोली दाखवणे, हँगर मोजून आत पाठवणे व मोजून परत घेणे हे माझे काम. "बी.एस्सी. होऊन हँगर मोजतेस?" असे आई विचारते. मला ते वाईट वाटत नाही, कारण आजवर माझ्या मोजणीत एकही हँगर चुकलेला नाही. अडचण एवढीच, की मुख्य कार्यालयाच्या नियमावलीप्रमाणे प्रत्येक चालू ट्रायल रूममागे एक मदतनीस ठेवता येतो आणि आरसा नसलेली खोली चालू धरत नाहीत. ३० तारखेला मोजदाद आहे. त्या दिवशी कागद तसाच असला तर खोली तीन बंद खोली म्हणून लिहिली जाईल, तिच्यात खोकी ठेवली जातील आणि सर्वांत शेवटी लागलेली मदतनीस म्हणून मला घरी जावे लागेल.

३. आता मूळ दोष सांगते. तो माझा आहे. कामाच्या पहिल्याच दिवशी खोली तीनमधून एक मुलगी घाबरून बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, मी आरशात थरथरतेय." पाहणी केली असता मुलगी स्थिर असून आरसा थरथरत असल्याचे आढळले. त्या भिंतीच्या पलीकडे सर्वांत मोठा स्पीकर आहे आणि आरसा वर एकाच खिळ्यावर टांगलेला आहे. मी एका मोडक्या लाकडी हँगरचा ४.५ सेंमी जाडीचा तुकडा आरशाच्या खालच्या कडेमागे खोचला. थरथर थांबली. मॅडमनी (आमच्या मॅनेजर) शाबासकी दिली. आरशाची उंची १७२ सेंमी आहे, म्हणजे त्याला सुमारे दीड अंशाचा कल आला. वरची कड मागे, खालची पुढे. अशा आरशात पाय जरा लांब दिसतात. हे मला त्या दिवशी सुचायला हवे होते, पण मी थरथर थांबल्याच्या आनंदात होते.

४. ही बातमी कशी पसरली ते कळले नाही, पण दोन आठवड्यांत मुले दारातूनच "तीन नंबर रिकामा आहे का?" विचारू लागली. खोली एक आणि दोन ओस पडल्या. एक मुलगा तर काहीही विकत न घेता रोज शाळा सुटल्यावर येई, तीन नंबरमध्ये उभा राही आणि "बरं वाटलं" म्हणून निघून जाई. काउंटरवरच्या दादांनी त्याला "पाहुणा" हे नाव ठेवले. कपडे विकले जात होते आणि परतही येत होते. परत करताना सगळ्यांचे म्हणणे एकच : "घरी वेगळं दिसतं."

५. संदर्भ २ मधील तक्रार याच काळातली आहे. तिच्यातले मुख्य वाक्य असे : "दुकानात माझ्या मुलीचे पाय लांब होते. घरी आल्यावर ते आखूड झाले. याला जबाबदार कोण?" हे वाक्य मॅडमनी मोठ्याने वाचले तेव्हा आम्ही सगळे हसलो. मी सर्वांत कमी हसले, कारण जबाबदार कोण हे मला माहीत होते.

६. त्यानंतर आपले निरीक्षक साहेब आले. त्यांनी पोलादी पट्टीने आरशाची लांबी व रुंदी मोजली. दोन्ही बरोबर निघाली. मग ते बराच वेळ आरशासमोर उभे राहिले, थोडे डावीकडे वळले, थोडे उजवीकडे वळले आणि म्हणाले, "आरसा खोटं बोलतो की नाही, हे मोजायचं माप आमच्या पेटीत नाही हो. वरिष्ठांना विचारतो. तोवर झाकून ठेवतो." बाहेर पडताना त्यांनी मुलांच्या विभागातल्या एका निळ्या जॅकेटची बाही दोनदा हातात घेऊन सोडली आणि कोणी विचारले नसताना "भाच्यासाठी बघतोय" असे सांगितले. हँगरच्या तुकड्याबद्दल मी त्याच वेळी बोलायला हवे होते. नोकरीच्या भीतीने बोलले नाही. ही कबुली येथे लिहू नये, असे काउंटरवरच्या दादांचे मत आहे. "अगं, अर्ज करतेयस की स्वतःला पकडून देतेयस?" असे त्यांनी विचारले. तरीही लिहिली आहे, कारण ती वगळली तर आरशाचा कल कुठून आला हे आपणास कळणार नाही आणि चौकशीत आरशाचा विनाकारण वेळ जाईल.

७. सील लागल्यावर खोली तीन रिकामी पडेल असा माझा अंदाज होता. तो पूर्ण चुकला. दुसऱ्याच दिवशी एक मुलगी सवयीने आत गेली आणि नवी जीन्स घालून बाहेर आली. "ताई, आत नुसता कागद आहे. मी कशी दिसते?" मी पाहिले आणि जे दिसले ते सांगितले : "कमरेत दोन बोटं सैल आहे, घोट्याशी बरोबर आहे, रंग तुला शोभतो." ती म्हणाली, "आणि पाय?" मी म्हणाले, "जेवढे आहेत तेवढे." मला वाटले, आता मॅडमना बोलावते. तिने एक साइझ लहान मागितली, ती घेतली आणि दुसऱ्या दिवशी चार मैत्रिणी घेऊन आली.

८. तेव्हापासून आरशाचे काम मी करत आहे. मुले मला "आरसाताई" म्हणतात. आजवर मी २४१ वेळा मत दिले. त्यांपैकी तिघे रुसले. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आले, पण मोठी साइझ घालून बाहेर आल्यावर तिनेच मला "आता खरं सांग" म्हणून दटावले, आणि आता ती खरोखरच छान दिसत होती म्हणून तसे सांगितले. पाहुणाही आला. खोलीत कागद पाहून हिरमुसला आणि म्हणाला, "ताई, मी बरा दिसतो का गं?" मी म्हणाले, "सदऱ्याची बटणं एक घर चुकली आहेत. ती सोडून बरा दिसतोस." त्या दिवशी त्याने प्रथमच काहीतरी विकत घेतले. मोजे.

९. मॅडमना सुरुवातीला हे पसंत नव्हते. "तुला कपडे विकायला ठेवलंय की प्रयोग करायला?" असे त्या म्हणाल्या, म्हणून मी परत आलेल्या कपड्यांच्या चिठ्ठ्या मोजून त्यांच्यापुढे ठेवल्या. सील लागण्याआधीच्या तीन आठवड्यांत खोली तीनमधून विकल्या गेलेल्या २१२ कपड्यांपैकी ३१ परत आले. सील लागल्यानंतरच्या तीन आठवड्यांत १८७ पैकी २. त्यांतल्या एकाची चेन बिघडली होती. मॅडमनी चिठ्ठ्या स्वतः पुन्हा मोजल्या आणि मला एक उंच स्टूल आणून दिले. नियमावली मात्र त्यांच्या हातात नाही.

१०. गेल्या मंगळवारी तक्रारदार बाई आपल्या तक्रारीचे काय झाले ते विचारायला दुकानात आल्या. त्यांची कन्या खोली तीनच्या रांगेत उभी होती. थांबून कंटाळल्यावर बाईंनी मुलीचे जॅकेट गंमत म्हणून अंगात घातले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "खरं सांग हं. मला गोड बोलून नकोय." मी सांगितले : "खांदे नीट बसलेत. बाह्या चार सेंमी लांब आहेत, दुमडा. तुम्हाला हसू आलंय ते जॅकेटमुळे की मुलीमुळे, ते मला सांगता येणार नाही." त्या म्हणाल्या, "आमच्या घरात एवढं सरळ कुणी बोलत नाही गं." कन्या म्हणाली, "आई, जॅकेट काढ, माझं आहे." बाईंनी जॅकेट काढले नाही. मी त्यांना हँगरच्या तुकड्याचेही सांगून टाकले. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की स्पीकर कमी न करताही सगळ्यांना ऐकू गेले. तक्रार मागे घेतल्याचे पत्र त्यांनी काउंटरवरच लिहून दिले. त्यात एक अट आहे : "आरशाचे काहीही करा, ही मुलगी तिथेच राहू द्या."

११. नियमाप्रमाणे माझ्या विरुद्ध बाजूचा कागदही जोडत आहे. खोली तीनमध्ये येणाऱ्या ५७ मुलामुलींनी "कागद काढू नका" असे निवेदन सह्यांसह दिले आहे. तो काढला नाही तर मी ३० तारखेनंतर तिथे नसेन, हे त्यांना समजावून सांगितले. त्यावर एका मुलीने सुचवले, "मग तुलाच आरसा म्हणून लिहून घ्यायला सांग ना!" सुरुवातीला मी ते हसण्यावारी नेले. नंतर रात्रभर विचार केल्यावर त्यात मला दोष सापडला नाही.

१२. म्हणून विनंती अशी, की आपल्या निरीक्षकांना ३० तारखेपूर्वी ओळंबा घेऊन पाठवावे. हँगरचा तुकडा मी त्यांच्या समक्ष काढून देईन व आरसा दोन खिळ्यांवर सरळ बसवून घेईन. ते शक्य नसल्यास, आपला विभाग ज्या अधिकाराने तराजू व पट्ट्या तपासतो त्याच अधिकाराने मला तपासावे. माझी उंची १५८ सेंमी, दृष्टी चष्म्यासह निर्दोष, आवाज मध्यम. मी आखूडला लांब म्हणत नाही आणि सैलला "चालेल" म्हणत नाही. मजवर शिक्का उमटवणे नियमात बसत नसेल तर "खोली तीन चालू आहे" एवढी एक ओळ आपल्या सहीने पुरेशी आहे. हँगर खोचल्याबद्दल जी समज द्यायची ती लेखी द्यावी. फाईलला लावून ठेवीन.

आपल्या निर्णयाची स्टुलावर बसून वाट पाहणारी,

(सही)
मदतनीस, ट्रायल रूम क्रमांक तीन
दिनांक : २३

सोबत : १) तक्रारदार बाईंचे पत्र, अटीसह. २) परत आलेल्या कपड्यांच्या चिठ्ठ्या, ३३. ३) ५७ सह्यांचे निवेदन. ४) हँगरच्या तुकड्याचे मापासह रेखाचित्र (मूळ तुकडा सीलच्या आत आहे).

ता. क. : अर्ज टपालपेटीत टाकायला निघताना, कार्यालयीन वेळेनंतर, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी केलेली मोजणी : खोली एकबाहेर ०. खोली दोनबाहेर १. खोली तीनबाहेर १४. त्यांत अकरावे, निळे जॅकेट हातात घेऊन, आपले निरीक्षक साहेब. सोबत भाचा : ०.