शेजारच्या खुर्चीतला चष्मिस

प्रिय ताई,

तुला आणि आईला नमस्कार. भाचीचा एक गालगुच्चा घे.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीही बरी आहे. गोष्टींचे व्हिडिओ गेम खेळून त्यातल्या चुका शोधायचा पगार मिळतो, हे आईला पटलं का अजून?

शेजारच्या खुर्चीतल्या चष्मिसशी माझा रोज वाद व्हायचा. त्याला पाश्चात्य गेम आवडायचे. गाव वाचवायचं की जाळायचं, ते त्यात खेळणारा ठरवतो. मला जपानी आवडतात. त्यात नायकाचं नशीब आधीच लिहिलेलं असतं, पण आपण त्याच्यासोबत इतकं चालतो, की तो घरचाच होतो आणि त्याचं मरण जिव्हारी लागतं.

"म्हणजे तू नुसती बटणं दाबायची आणि रडायचं!" असं म्हणून तो हसायचा.

सोमवारी त्याने घरी जायचं म्हणून साहेबांकडे पासपोर्ट मागितला. आमचे सगळ्यांचे त्यांच्याकडेच असतात, काळजी करू नकोस. साहेब गोड आवाजात म्हणाले, "जा की, अडवलंय कोणी?"

मंगळवारपासून तो दिसला नाही. घरी गेला म्हणतात. त्याचा चष्मा मात्र टेबलावरच आहे, आणि चष्म्याशिवाय त्याला समोरचा जिनाही दिसत नाही.

मी कुणाला काही विचारलं नाही. आईचे गुडघे कसे आहेत?

आपल्या धाकटीसाठी इथे जागा आहे, असा साहेबांचा फोन येईल. आईकडे देऊ नकोस. तूच नाही म्हण. मी स्वतः फोन करून आग्रह केला, तरी नाहीच म्हण.

तुझाच,
ठोंब्या